दौंड रूटचं गोड दूध

पाच मिनिटं झाली आणि टेस्ट ट्यूबमधलं दूध लाल झालं.

मी बर्नर बंद केला. चिमट्यानं एकेक नळी उकळत्या पाण्यातून काढून स्टँडला लावली. सहा नळ्यांमधलं दूध आम्लानं फाटलेलं, पण पांढरंच. सातव्या नळीतलं मात्र डाळिंबाच्या दाण्यासारखं लालभडक. त्या नळीवरच्या चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘दौंड’. हा सलग दुसरा गुरुवार होता. मागच्या गुरुवारी मी स्वतःची समजूत घातली होती, की नळी नीट धुतली गेली नसेल. आता तसं म्हणायची सोय उरली नव्हती.

मी तेव्हा शिरूरजवळच्या एका खाजगी डेअरीत केमिस्ट होते. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. पुण्यात प्लास्टिकच्या पिशव्या केव्हाच आल्या होत्या, पण आमचे मालक जुन्या वळणाचे. त्यामुळे आमचं दूध अजून अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटलीतून जायचं. रुंद तोंडाची, जाड काचेची बाटली आणि वर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं झाकण. गायीच्या दुधाला निळ्या पट्ट्यांचं, म्हशीच्या दुधाला नुसतं चंदेरी. अंगठ्यानं मधोमध दाबलं की झाकण ‘टप्’ करून सुटायचं आणि त्याच्या आतल्या बाजूला सायीचा गोल चिकटलेला असायचा. तो कुणी चाटायचा यावरून घराघरांत भांडणं व्हायची. लहानपणी आमच्याकडे त्यासाठी वार ठरवून दिले होते, आणि माझ्या वारी माझा भाऊ नेमका माझ्याआधी उठून बसायचा. पुढं मी याच धंद्यात शिरले त्याला काही अंशी ती हुकलेली साय कारणीभूत असावी.

केमिस्टचं काम थोडक्यात सांगायचं तर पगारी संशय. दूध आलं की संशय घ्यायचा, गेलं की संशय घ्यायचा. दुधाचा सगळ्यात जुना शत्रू म्हणजे पाणी. पाणी घातलं की दूध पातळ होतं आणि लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगत ठेवायची ती काचेची नळी, नेहमीपेक्षा खोल बुडते. आकडा खाली येतो. चोर पकडला जातो. मग चोरानं त्यावर तोड काढली. पाण्याबरोबर थोडी साखर घालायची. साखरेनं दूध पुन्हा जड होतं, नळी वर येते, आकडा जागच्या जागी. ही साखर पकडायला आमच्याकडे एक पूड होती, रिसॉर्सिनॉल. दुधात तीव्र आम्ल आणि चिमूटभर ही पूड घालून उकळत्या पाण्यात धरायचं. साखर असेल तर लाल, नसेल तर नाही.

दौंडच्या नमुन्यात लॅक्टोमीटर अठ्ठावीसच्या जागी तीस दाखवत होता, म्हणून मी ती टेस्ट लावली होती. आणि दौंड लाल.

हा नमुना कसा यायचा तेही सांगते, कारण सगळी गंमत तिथंच आहे. दूध आमच्या फाटकातून चांगलं निघालं हे आम्हाला माहीत असायचं. गिऱ्हाइकाच्या पातेल्यात ते चांगलं पडलं का, हे पाहायचं होतं. म्हणून दर गुरुवारी त्या त्या रूटच्या व्हॅनचा ड्रायव्हर कुठल्याही पाच घरांत जायचा, बाटली त्याच्यासमोर उघडायला लावायचा आणि पळी पळी दूध मागून घ्यायचा. पाच घरांचं दूध एका बाटलीत एकत्र करून ते लॅबमध्ये आणायचा. त्यामुळे घरोघर दूध टाकणाऱ्या माणसाला नमुन्याला हात लावायची संधीच नव्हती. मोठी पक्की पद्धत. मीच बसवलेली. मला तिचा फार अभिमान होता.

रिपोर्ट घेऊन मी मराठे साहेबांकडे गेले. ते आमचे प्लांट मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण निकाल आधी आणि विचार नंतर अशी त्यांची सवय.

“दोनदा?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“दोनदा.”

“दौंडला कोण टाकतं? तो संपत ना, सायकलवाला?”

“हो, संपत गायकवाड. रेल्वे कॉलनी आणि मागच्या चार गल्ल्या.”

“झाकण काढतो, दूध काढून घेतो, पाणी-साखर ओततो, झाकण परत दाबून बसवतो. दुसरं काय! सोमवारपासून रूट दुसऱ्याला.”

“साहेब, एकदा त्यांना विचारू तरी.”

“टेस्ट तुमची, सही तुमची. आता विचारायचं काय?”

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. लाल नळी डोळ्यांसमोर असली की दुसरं काही दिसत नाही.

शनिवारी दुपारी संपतराव एस.टी.नं शिरूरला आले. चाळिशीचा, काटक, पायजम्याचा एक पाय सायकलच्या चेनसाठी कायम दुमडलेला माणूस. नऊ वर्षं ते आमच्या बाटल्या टाकत होते. या नऊ वर्षांत त्यांच्या रूटवरून ‘दूध उशिरा आलं’ एवढीसुद्धा तक्रार नव्हती. ते लॅबच्या दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

“मॅडम, साखर म्हंजी? माझ्या दुधात?”

“तुमच्या रूटच्या दुधात.”

“बाटली हितनं बंद होऊन येती. मी दारात ठिवतो. मधी मी काय करणार?”

“झाकण काढून परत दाबता येतं, संपतराव. हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.”

“येतं की. पर म्या कवा केलं न्हाई.”

“टेस्ट खोटं बोलत नाही,” मी म्हटलं. ते वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

“टेस्ट खोटी हाय आसं मी म्हणतच न्हाई. पर मी बी खोटा न्हाई.”

ते चौकटीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, “आमच्या आबाच्या हातचं पाणी त्या गावात कुणी घेत न्हवतं, मॅडम. माझ्या हातचं दूध आज दीडशे घरं घेत्यात. देवाला त्येच दाखिवत्यात, तान्ह्या पोराला त्येच पाजत्यात. रूट काढायचा आसंल तर काढा. दुसरं कायबी कारण लिवा. पर ह्ये कारण लिवू नका.”

एवढं बोलून ते स्टँडकडे चालू लागले. मला त्यांना चहा विचारायचंही सुचलं नाही.

गुरुवारच्या नमुन्यातलं उरलेलं दूध फ्रीजमध्ये होतं. ते काढलं आणि जी टेस्ट मी आधीच करायला हवी होती ती केली. फॅटची. फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता, साय ज्याची बनते ती. साखर घालून दूध जड करता येतं, पण त्यानं फॅट वाढत नाही. दुधात पाणी पडलं असेल तर फॅट हमखास उतरतं. दौंडच्या नमुन्यातलं फॅट उतरलेलं नव्हतं. सकाळी डेअरीतून निघताना जेवढं होतं, तेवढंच.

म्हणजे दुधात साखर होती, पण पाणी नव्हतं. मी तो आकडा कागदावर लिहून त्याच्याकडे पाहत बसले. चोर पाणी लपवायला साखर घालतो. पाणीच घालायचं नसेल, तर पदरची साखर घालून लोकांचं दूध गोड करणारा हा कसला चोर?

मी धावत साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

“मग साखर आली कुठून? आकाशातून?”

“तेच शोधायचंय.”

“सोमवारी नवा माणूस येतोय. त्याच्याआधी काय ते शोधा.”

रविवारी पहाटे मी दौंडच्या व्हॅनमध्ये बसले. ड्रायव्हर बबन, जिभेला हाड नसलेला माणूस. न्हावरे येईपर्यंत त्यानं मला सगळ्या तालुक्याच्या बातम्या सांगितल्या. चौफुल्याला चहा घेताना, आपण संपतच्या साखरेबद्दल कॉलनीत दोन-चार जणांना सांगितल्याचंही त्यानं कबूल केलं. “म्हटलं, लोकांनी सावध राह्यला पायजे, मॅडम.” त्याला रागवायला मला तोंड नव्हतं. रिपोर्टवर सही माझी होती.

त्या सकाळइतकं आमचं दूध मी कधीच जवळून पाहिलं नव्हतं. लॅबमध्ये दूध म्हणजे नळ्या आणि आकडे. इथं ते सायकलवरून चाललं होतं. हँडलला दोन्ही बाजूंना आणि मागच्या कॅरिअरला तारेच्या जाळ्या, जाळीत बाटल्या, आणि खड्डा आला की सगळ्या बाटल्यांचा एकदम किणकिणाट. त्या आवाजानं पुढच्या घरांतले दिवे लागायचे. संपतरावांना हाक मारावी लागत नव्हती. दाराबाहेर रात्री ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या उचलायच्या, भरलेल्या त्याच जागी ठेवायच्या. एखाद्या दारात दोनऐवजी तीन रिकाम्या असल्या की ते समजायचे, पाहुणे आलेत, आज एक जास्त. एका दारात एकही नव्हती. तिथं ते थांबले, कानोसा घेतला आणि म्हणाले, “डोकंबिकं दुखत आसंल बाईंचं. इसरल्या.” आणि हळूच, आवाज न करता बाटली ठेवली. मी दहा वर्षं दूध तपासत होते, पण हे असं काही दुधात असतं याची मला कल्पना नव्हती.

चार दारांत मात्र निरोप होता. ‘आजपासून नको.’ तिसऱ्या दारात एक बाई उभीच होती. संपतरावांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, “आम्ही आता गवळ्याचं लावलंय.” संपतरावांनी सायकल वळवली. पुढच्या खड्ड्यात बाटल्या वाजल्या तेव्हा पुढच्या घरातला दिवा लागला, एवढंच बरं वाटलं.

आता नमुना. बबननं नेहमीसारखी पाच घरं निवडली. मी त्याच्या पाठोपाठच होते. बाटली माझ्यासमोर उघडली गेली, पळी माझ्यासमोर भरली गेली. संपतराव तिकडं दुसऱ्या गल्लीत होते, त्यांचा वाराही दुधाला लागला नाही. मी पर्समध्ये लॅबमधली एक स्वच्छ बाटली आणली होती. प्रत्येक घरी दोन पळ्या घेतल्या. एक माझ्या बाटलीत, एक बबनच्या बाटलीत.

बबनची बाटली म्हणजे आमची दुधाचीच रिकामी बाटली. संपतरावांच्या जाळीत परत आलेल्या रिकाम्या बाटल्यांतून त्यानं ती उचलली होती.

दुपारी बाराच्या सुमाराला लॅबमध्ये दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दूध त्याच पळीचं, त्याच घरांचं. माझ्या बाटलीतलं पांढरं राहिलं. बबनच्या बाटलीतलं लाल झालं.

मी खुर्चीत बसले. आणि मला दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट आठवली.

नमुन्यासाठी आमच्याकडे रबरी बूच असलेल्या खास बाटल्या होत्या. व्हॅनमध्ये आदळून त्या एकेक करत फुटल्या. नव्यांसाठी मी कागद दिला होता, तो वर अडकला होता. तेव्हा मी ड्रायव्हर लोकांना तोंडी सांगून टाकलं, “परत आलेल्या रिकाम्यांतली एखादी घ्या. बघून, सगळ्यात स्वच्छ असेल ती.” कुठं लिहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी दौंड लाल झालं होतं. दोन्ही गोष्टींची सांगड माझ्या डोक्यात एकदाही पडली नाही. मी जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घ्यायला तयार होते, फक्त स्वतःच्या पद्धतीवर नाही.

बबन फाटकापाशी भेळ खात उभा होता.

“बबन, दौंडला नमुन्याची बाटली कुणाच्या घरची घेतोस?”

“गार्डकाकूंची. दर येळी त्यांचीच. तुमीच म्हणला ना, सगळ्यात सोच्छ ती घ्या? त्यांच्यावानी बाटली आख्ख्या कॉलनीत कुणाची न्हाई. आरशावानी!”

मी दुपारची एस.टी. पकडली.

संपतराव घरी होते. रविवार असूनही चेहरा सुतकी. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली आमच्या डेअरीनं कधीतरी दिलेलं ‘उत्कृष्ट सेवा’ असं लिहिलेलं भिंतीवरचं घड्याळ. ते घड्याळ पाहून माझी मान खाली गेली. मी एवढंच म्हटलं, “गार्डकाकूंकडे जायचंय. चला माझ्याबरोबर.” त्यांनी कारण विचारलं नाही, चपला घातल्या.

गार्डकाकू म्हणजे रेल्वेतून रिटायर होऊन वारलेल्या एका गार्डची बायको. मुलगा रेल्वेतच लागला म्हणून क्वार्टर टिकलं होतं. वय सत्तरीच्या पुढं, नजर थोडी अधू, पण हात चालता. आम्ही गेलो तेव्हा अंगणात सकाळची बाटली उन्हात पालथी घातलेली होती.

“काकू, बाटली तुम्ही कशी धुता, ते मला दाखवाल?” मी विचारलं.

“म्हणजे? माझ्या बाटलीत काही घाण निघाली का गं?” त्या एकदम घाबरल्या.

“नाही हो. सगळ्यात स्वच्छ बाटली तुमची असते म्हणून विचारते.”

मग खुलल्या. आधी गार पाणी, नाहीतर दूध काचेला धरतं. मग गरम पाणी आणि रिठा. मग काठीला फडकं बांधून आतून बुडापर्यंत. मग दिवसभर ऊन. असं सगळं सांगत त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरून पाहिली, पदरानं तोंड पुसलं. आणि आत जाऊन डब्यातून चिमूटभर साखर आणून बाटलीत टाकली.

संपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

“काकू, हे काय?”

“साखर.”

“ती कशाला?”

काकूंना माझ्या प्रश्नाचीच गंमत वाटली. “अगं, आलेलं भांडं रिकामं कसं पाठवायचं परत? शेजारणीनं वाटीभर भाजी दिली तर तू तिची वाटी रिकामी देतेस का? काही नाही तर चिमूटभर साखर घालतेसच ना? हा तर रोज दूध आणून देतो. पावसात नाही चुकला, हे गेले त्या दिवशी नाही चुकला. त्याच्या घरचं भांडं मी रिकामं परत देऊ?”

“काकू, बाटली माझ्या घरची न्हाई वो,” संपतराव म्हणाले. “डेअरीची हाय.”

“ते मला नको सांगू. माझ्या दारात तू आणतोस, मी तुलाच परत देते.” मग त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, “म्हणजे नऊ वर्षं तुझ्या घरी कुणी ती साखर खाल्लीच नाही का रे?”

नऊ वर्षं! रोज पहाटे अंधारात, दीडशे घरांच्या बाटल्यांत एक बाटली, तळाशी चार दाणे. संपतरावांना कधी दिसले नाहीत. बाटली शिरूरला यायची, धुण्याच्या मशीनमध्ये कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून फिरायची आणि काकूंची साखर गटारात जायची. आमच्या मागच्या गटारापाशी मुंग्या फार होतात अशी वॉचमनची जुनी कुरकुर होती, ती मी कधी मनावर घेतली नव्हती. मशीनमधून जाऊन आलेल्या बाटलीत साखर राहणं शक्यच नव्हतं. मशीनला बगल देऊन बाटली थेट नमुन्याला लावायची अक्कल नऊ वर्षांत कुणाला सुचली नाही. ती मला सुचली.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी मराठे साहेबांसमोर उभी होते. नवा माणूस बाहेर बाकावर बसलेला. मी सगळं सांगितलं. फॅट, दोन बाटल्या, काकू, साखर. साहेब पहिल्यांदा हसले. मग थांबले.

“म्हणजे दूध चांगलं. माणूस चांगला. टेस्टही बरोबर. मग चूक कुणाची?”

“माझी.”

“नीट सांगा.”

“नमुन्याच्या बाटल्या संपल्यावर रिकामी बाटली वापरा असं मी तोंडी सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही. नमुना भरायच्या आधी बाटली तपासायला हवी, ती तपासली नाही. आणि फॅट न बघता सही केली.”

ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मला वाटलं आता माझाच रूट दुसऱ्याला जाणार. मग त्यांनी ट्रेमधल्या गठ्ठ्यातून तळाचा एक कागद ओढून काढला. रबरी बुचाच्या चोवीस बाटल्या, माझा मागणीचा अर्ज. त्यावर सही करून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि नव्या माणसाला परत पाठवायला बाहेर गेले.

मला वाटलं संपलं. त्या दिवशी मी बबनच्या हाती संपतरावांसाठी चिठ्ठी दिली. रूट तुमचाच आहे, झाल्या प्रकाराबद्दल मी मनापासून माफी मागते, वगैरे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, बबनच्या तोंडून.

“संपत म्हणला, चिठ्ठी पोचली. पर चिठ्ठी त्येच्या घरात वाचून उपेग काय? ज्या चार घरांनी दूध बंद केलं, त्या घरांत सांगा म्हणला. तुमच्या तोंडानं. आन् मॅडम,” बबन जरा घुटमळला, “मला बी बरूबर या म्हणलाय.”

मला आधी राग आला. माझी माफी मागून झाली होती, लेखी होती, आता दारोदार? पण रात्रभर विचार केल्यावर त्यात राग येण्यासारखं काही सापडेना. त्यांच्यावरचा आळ दारोदार गेला होता. तो घरी बसून कसा परत येणार?

बुधवारी पहाटे आम्ही तिघं त्या चार दारांत गेलो. संपतराव सायकल धरून फाटकाशी थांबायचे, मी आणि बबन पुढं. “मी डेअरीची केमिस्ट. दुधात साखर असल्याचा रिपोर्ट माझा होता. तो चुकीच्या बाटलीचा होता. यांच्या दुधात कधीच काही नव्हतं. चूक माझी आहे.” पहिल्या दारात माझी जीभ अडखळली. चौथ्या दारापर्यंत पाठ झालं होतं. बबन प्रत्येक दारात “आन् माझी बी” म्हणायचा. तीन घरांनी त्याच दिवशी दूध परत लावलं. ज्या बाईनं गवळ्याचं लावलं होतं तिच्याही दारात आठवड्यानं दोन रिकाम्या बाटल्या दिसल्या म्हणे.

राहिला काकूंचा प्रश्न. साखर घालू नका, असं त्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं आणि दारात उभं राहिल्यावर ते माझ्याच्यानं होईना. मी नुसती “काकू, ती साखर आहे ना...” एवढ्यावर अडकले. संपतराव पुढं आले.

“काकू, बाटलीत टाकली की डेअरीवाले धुऊन टाकत्यात. माझ्यापत्तुर येतच न्हाई. तवा आता हातावर द्या.”

आणि त्यांनी हात पुढं केला. काकूंनी आत जाऊन चिमूटभर साखर आणली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती माझ्यासमोर तोंडात टाकली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं. केमिस्टनं रूटवर रडू नये असा काही नियम नाही, असला तरी मी तो पाळला नसता.

दोनेक वर्षांनी आमच्याकडेही पिशव्या भरायचं मशीन आलं. काचेच्या बाटल्या भंगारात गेल्या. फुटायची भीती गेली, धुण्याचा खर्च गेला, सोडा गेला, सगळं फायद्याचं झालं. पिशवी कात्रीनं कापायची आणि फेकायची, परत द्यायचं भांडंच उरलं नाही. बबन सांगायचा की काकू पहाटे तरीही दारात उभ्या असतात आणि संपतला हात पुढं करायला लावतात.

पुढं माझ्या हाताखाली बरीच मुलं-मुली शिकून गेली. प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच सांगायची. दूध तपासायच्या आधी भांडं तपासा, आणि माणूस तपासायच्या आधी स्वतःची पद्धत तपासा. ती मान डोलवायची आणि विसरायची. आपल्या हातून एकदा होईपर्यंत हे कुणी शिकत नाही.

त्या प्रकरणाची नोंद रजिस्टरमध्ये करावी लागली. शेवटचा रकाना ‘कारण’. काय लिहू म्हणून मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, छापील यादीतलं एखादं टाका. मी यादी पाहिली आणि लिहिलं, ‘नमुन्याची बाटली अस्वच्छ’. सबंध नोकरीत त्या रजिस्टरमध्ये मी जाणूनबुजून लिहिलेली ही एकच खोटी ओळ. काकूंच्या बाटलीइतकी स्वच्छ बाटली आमच्या डेअरीत दुसरी आली नाही.